कार्बन पाण्यात कापावा

४ फेब्रुवारी

मेहुणेबुवा,

पत्राला कारण तुझंच पोस्टकार्ड. चार वर्षांनी आलं आणि त्यावर ओळी किती, तर दोन! "छोटं विमान करतोय. दोन मिलिमीटरची कार्बन शीट आहे, कशी कापायची?" खाली सही. कसे आहात नाही, मी बरा आहे नाही. कारखान्याच्या टूलरूममध्ये पस्तीस वर्षं मला सगळे घुम्या म्हणायचे, पण इतकं मोजूनमापून मीसुद्धा कधी बोललो नाही.

तरी उत्तर देतो. विचारलंस ते बरं केलंस, कारण ही शीट म्हणजे काही प्लायवुड नव्हे.

कोरडी कापायची नाही. हे आधी डोक्यात पक्कं बसव, मग पुढचं वाच. कोरडी कापली की इतकी बारीक काळी पूड उडते की हवेत दिसत नाही. ती नाकातोंडातून आत जाते, आणि त्यातले तंतू कातडीत घुसले की दोन दिवस खाजवून जीव नकोसा होतो. म्हणून एक पसरट ट्रे घे. शीट पूर्ण बुडेल एवढं पाणी घाल, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाक, आणि शीटखाली प्लायचा तुकडा ठेव. कापायच्या रेघेवर दोन्ही बाजूंनी प्लास्टिकची चिकटपट्टी लावलीस तर कडेचे तंतू उचकटत नाहीत. हॅकसॉचं सगळ्यात बारीक दातांचं पान लाव, इंचाला बत्तीस दातांचं, आणि हाताने काप. विजेवर चालणारं काहीही पाण्याजवळ आणू नकोस. तुझा जन्म विजेच्या कामात गेला, तुला हे सांगणं म्हणजे सूर्याला दिवा दाखवणं आहे, तरी सांगतो. जोर लावू नकोस. जोर लावलास की थर सुटतात आणि मग शीट फेकूनच द्यावी लागते.

हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. पाण्यात कापलं तरी कडा घासताना, आवरताना मास्क हवाच, आणि तोही रुमाल बांधून भागत नाही. बारीक धुळीसाठीचा, नाकावर घट्ट बसणारा घे. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. तू दाढी वाढवली आहेस की नाही हे मला माहीतच नाही, हे लिहिताना लक्षात आलं.

कडा चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यातच घास. मग पुसून, वाळवून, खिडकी उघडी ठेवून पातळ सुपरग्लूची एक रेघ कडेवरून फिरव. म्हणजे पुढे हातात कुसळं जात नाहीत. ट्रेमधलं काळं पाणी मोरीत ओतू नकोस. गाळ खाली बसू दे, मग तो कागदाने टिपून पिशवीत बांधून टाक. झाडू मारायचा नाही, फुंकायचं तर मुळीच नाही. सगळं ओल्या फडक्याने.

आणि खोलीतल्या विजेच्या वस्तू आधीच बाहेर नेऊन ठेव. रेडिओ, मीटर, मोबाइल, झाडून सगळं.

इकडे ठीक आहे. घर मोठं वाटतं एवढंच. दोन कप धुवायची सवय गेलेली नाही, एकच वापरतो आणि दोन्ही धुतो. तुझ्या ताईला जाऊन पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. त्या दिवशी तू फाटकापाशी येऊन उभा राहिला होतास आणि मी बाहेर येईपर्यंत निघून गेलास, हे मी पाहिलं होतं. हाक मारली नाही.

मैदानावरचा तो प्रकार मी मनात ठेवलेला नाही. आपलं रिमोटवरचं विमान पडलं, तुझ्या ताईच्या खांद्याचं हाड मोडलं, आणि मी रागाच्या भरात तुला घरात पाय ठेवू नकोस म्हणालो. कोणाच्या हातून एखाद्या वेळी सोल्डरिंग कच्चं राहतं. मी ते विसरलोय, तूही विसर.

तुझा भाऊजी

१३ फेब्रुवारी

मेहुणेबुवा,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. या वेळी तीन ओळी, म्हणजे प्रगती आहे. पण मजकूर वाचून मला घाम फुटला.

"ट्रे वगैरे कशाला, दुकानातल्या टेबलावरच छोट्या कटरने कापतो. व्हॅक्यूम क्लीनर शेजारी धरला की धूळ ओढून घेईल." अरे, मी सव्वा पान लिहिलं ते काय पालथ्या घड्यावर पाणी होतं? तुझं टेबल मला माहीत नाही का? त्यावर कायम पाच-सहा रेडिओ, टीव्ही पोटं उघडी टाकून पडलेले असतात. निम्म्यांच्या वायरी प्लगमध्ये. गिऱ्हाईक येतं, तू चहाचा कप अॅम्प्लिफायरवर ठेवून त्याच्याशी गप्पा मारतोस.

आता नीट वाच. कार्बनच्या पुडीतून वीज वाहते. लाकडाच्या भुशातून वाहत नाही, प्लास्टिकच्या किसातून वाहत नाही, हिच्यातून वाहते. उघड्या सर्किटवर धातूच्या दोन पायांच्या मध्ये चिमूटभर बसली की तिथे परस्पर रस्ता तयार होतो. कधी लगेच बिघडतं, कधी बिघडत नाही. चालू करून बघावं तर ठणठणीत, आणि नेमकं धक्का बसला, हादरलं की पूड सरकते आणि घात होतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर बारीक पूड मागच्या बाजूने परत खोलीतच सोडतो, आणि स्वतःच्या मोटारीतही घेतो. त्या टेबलावर कोणाचं तरी उपकरण बिघडेल, किंवा तुलाच झटका बसेल. दुकानात अजिबात कापायचं नाही. घरी, मोकळ्या जागेत, पाण्यात. वडीलकीच्या नात्याने सांगतोय.

हे मी कुठेतरी वाचलं होतं.

परवा पोस्टात जाताना आपल्या विमानांच्या क्लबचे सेक्रेटरी भेटले. रविवारी मैदानावर या म्हणाले, हल्ली कोणी येतच नाही. येतो म्हणालो आणि गेलो नाही. तिथे गेलं की ती जागा दिसते, जिथे तुझी ताई घडीची खुर्ची टाकून बसायची. तिला विमानातलं ओ की ठो कळत नव्हतं. "वर गेलं की सांगा, खाली आलं की सांगा, मधलं तुमचं तुम्ही बघा," म्हणायची आणि विणत बसायची. त्या दिवशीही मान खाली घालून विणतच होती, म्हणून तिला विमान येताना दिसलं नाही.

उत्तर पाठव. पाण्यात कापतोस एवढं तरी लिही.

तुझा भाऊजी

२२ फेब्रुवारी

मेहुणेबुवा,

दोन शब्द! नऊ दिवसांत माणूस तीन ओळींवरून दोन शब्दांवर आला. "कुठे वाचलंत?"

कुठे वाचलं म्हणजे? माणूस हजार ठिकाणी वाचतो. मासिकात, डब्यावरच्या कागदावर, कारखान्याच्या नोटीस बोर्डावर. तू काय माझी तोंडी परीक्षा घेतोयस? मी तुला जीव वाचवायची गोष्ट सांगतोय आणि तू पुरावे मागतोस. तुमच्या घराण्यातच हे आहे. तुझी ताईही अशीच, मोठं भांडण करायची नाही, एक बारीक प्रश्न विचारायची आणि उत्तराची वाट बघत बसायची.

बरं, ऐकायचंच असेल तर ऐक. क्लबमधल्या एकाचा रिसीव्हर असाच बिघडला होता. त्याने शेजारीच कार्बन कापला, पूड आत गेली आणि विमान हातातून गेलं. त्याने मला सांगितलं, म्हणून मला माहीत. झालं समाधान?

तुझ्यासाठी म्हणून मी काल एक तुकडा कापून पाहिला. पाण्यात, सांगितलं तसाच. तासभर लागला. हात आता पूर्वीसारखा स्थिर नाही, रेघ दोन ठिकाणी सुटली. पण तो तासभर बरा गेला. समोर काम असलं की घरात कोणी नाही हे जाणवत नाही. संपवून मान वर केली आणि "हे बघ," असं मोठ्याने म्हणालो. मग फडकं घेऊन टेबल पुसलं, दोनदा.

त्या क्लबमधल्या एकाचं नाव विचारू नकोस.

तुझा भाऊजी

२३ फेब्रुवारी

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी यायच्या ऐवजी तिथेच उभा राहिलो. मग पेटीच्या फटीत हात घालून ते परत काढता येतं का पाहिलं. मनगटापर्यंत गेला आणि अडकला. एक बाई थांबून बघायला लागली. सत्तरीच्या माणसाने टपालपेटीत हात घातलेला बघून तिला काय वाटलं असेल कोणास ठाऊक. सोडवून घेतला, घरी आलो, आणि आज हे लिहितोय. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही.

क्लबमधला तो एक म्हणजे मीच.

तुला आठवत असेल, स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी तू जेवणाच्या टेबलावर रिसीव्हरचं सोल्डरिंग केलंस. रिमोटचं ऐकणारी ती काडेपेटीएवढी डबी. झाकण उघडंच ठेवून गेलास आणि जाताना म्हणालास, "भाऊजी, बंद करू नका, संध्याकाळी येऊन एकदा भिंगाखाली बघतो आणि मीच बंद करतो." तू गेलास आणि माझ्या लक्षात आलं की पंखांच्या जोडाची कार्बनची पट्टी एका बाजूला घट्ट होतेय. अर्धा मिलिमीटर. ती तेवढी कमी करायला हवी होती. ट्रे माळ्यावर होता. शिडी कोण आणणार, म्हणून मी तिथेच, त्याच टेबलावर, लहान कटरने कोरडी कापली. डबी हातभर अंतरावर उघडी होती. मग मी तिच्यावर फुंकर मारली, झाकण लावलं आणि स्क्रू घट्ट केले. संध्याकाळी तू आलास तेव्हा म्हणालो, "मी बघितलं, छान आहे, कशाला परत उघडतोस?" तू माझ्यावर विश्वास ठेवलास. टूलरूमचा माणूस म्हणतोय बघितलं, म्हणजे बघितलं असणार.

मी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते तू पाहिलंस. विमान वर छान होतं. वळण घेताना एकदम थरथरलं, मग ऐकेचना, आणि सरळ खाली आलं. तुझी ताई खुर्चीवरून कलंडली तेव्हा मला काही सुचलं नाही, आणि सुचलं ते तुझं नाव. सगळ्या क्लबसमोर ओरडलो, "सोल्डर करता येत नाही तर हात कशाला घालतोस!" तू तिच्या खांद्याखाली आपला शर्ट काढून ठेवलास.

एवढ्यावर थांबलो असतो तर ती चूक म्हणता आली असती. पण आठ दिवसांनी मी ती डबी उघडली. कशासाठी, तर तुझं कच्चं सोल्डरिंग पुरावा म्हणून हाताशी असावं, हे माझ्या मनात होतं. भिंगाखाली धरली. तुझे जोड एकूणएक चकचकीत होते. आणि पायांच्या मधोमध काळी पूड. मीटर लावला, मीटरने तेच सांगितलं. मी ब्रश घेतला, पूड साफ केली, डबी बंद केली, रिमोट चालू करून पाहिला, आणि डबी पहिल्यासारखी चालायला लागली.

म्हणजे मला आज कळलेलं नाही. चार वर्षांपूर्वीच कळलं होतं. तुझी ताई तेव्हा हात झोळीत अडकवून आतल्या खोलीत झोपलेली होती. मी उठून तिला सांगायला हवं होतं, तुला फोन करायला हवा होता. उद्या करू म्हटलं. मग परवा. मग इतके दिवस झाले की सांगायचं तर आधी का नाही सांगितलं हेही सांगावं लागणार होतं. ती दर आठवड्याला म्हणायची, "एकदा फोन करा ना त्याला." मी म्हणायचो, "त्याने करावा, चूक त्याची आहे." हे मी तिच्या तोंडावर म्हणालो, तिच्याच भावाबद्दल, माहीत असताना.

तू त्यानंतर विमानाचं काम सोडून दिलंस असं कोणीतरी सांगितलं. दुकानात बारीक जोड आले की परत पाठवतोस असंही ऐकलं. ते माझ्यामुळे. तुझ्या हातात काही दोष नाही. तेव्हाही नव्हता.

आणि पहिल्या पत्रात मी मोठ्या मनाने "विसरलोय" लिहिलं होतं. ते वाचून तुला काय वाटलं असेल याचा विचार करतोय तेव्हापासून कान गरम झालेत.

भाऊजी

१९ मार्च

तुझं उत्तर बरेच दिवस आलं नाही. येईल असं वाटून रोज खाली जाऊन पेटी बघत होतो. मधल्या रविवारी मैदानावर गेलो. सहा माणसं होती, त्यातली चार त्या दिवशीची. सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं: विमान माझ्या चुकीने पडलं, सोल्डरिंग पक्कं होतं, मला कधीपासून माहीत होतं. सेक्रेटरी म्हणाले, "जाऊ द्या हो, जुनी गोष्ट." मी म्हणालो, ओरडलो होतो तेव्हा तुम्ही जाऊ द्या म्हणाला नव्हता. मग मी बसने घरी आलो.

काल तुझं पाकीट आलं. चार पानं! हातात जाड लागलं तेव्हाच भीती वाटली. शिव्या असतील, म्हटलं असू देत. तिसऱ्या पानापर्यंत तू दुकान, विमान, पाण्यात कापलेल्या शीटबद्दलच लिहिलं आहेस. शेवटच्या पानावर ते आहे. मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय.

"भाऊजी, मला हे तेव्हाच कळलं होतं. मी ताईला फोनवर विचारलं, स्पर्धेच्या आदल्या दिवशी टेबलावर कार्बन कापला होता का? ती म्हणाली, हो, ती काळी पूड मीच ओल्या फडक्याने पुसली. पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा फोन केला. तुम्ही डबी उघडून भिंगाखाली धरून बसला होतात, मग ब्रशने साफ केलीत, हे तिने दारातून पाहिलं होतं. ती झोपलेली नव्हती. मला म्हणाली, त्यांना कळलंय. ते आपणहून सांगतील, तोवर तू गप्प राहा, मीही राहते. मी म्हणालो, आणि नाही सांगितलं तर? ती म्हणाली, सांगतील रे, मी ओळखते त्यांना."

मी हे वाचून बसलो तो संध्याकाळपर्यंत उठलो नाही.

तुला एक माहीत नाही ते सांगतो. तिचा खांदा कधी पुरता बसला नाही, हात डोक्यापर्यंत जायचा नाही. म्हणून रोज सकाळी वेणी मी घालायचो. सुरुवातीला वाकडीतिकडी यायची, ती हसायची, मग जमायला लागली. ती स्टुलावर, मी मागे. आणि वेणी अर्ध्यावर आली की ती विचारायची, "काही म्हणालात?" मी म्हणायचो, "नाही, कुठे काय." ती म्हणायची, "मला वाटलं, काही म्हणालात." मला वाटायचं हिला कमी ऐकू येतंय. कानाच्या डॉक्टरकडे नेऊ का, असंही एकदा विचारलं होतं.

दोन वर्षं. एकही सकाळ चुकली नाही. म्हणजे सातशेहून अधिक वेळा तिने मला विचारलं आणि मी तेवढ्याच वेळा नाही म्हणालो.

तू लिहिलं आहेस की आता सांगितलंत, ताई म्हणाली होती तसंच झालं, विषय संपला. विषय संपलेला नाही. मी ते कागदावर लिहिलं, आणि तेही तुझ्या दोन शब्दांनी कोंडीत पकडल्यावर. तिला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

रविवारी पहिल्या बसने येतोय. ती नाही, म्हणून तुला ऐकावं लागेल. दार उघडलंस तर आत बसून सांगेन. नाही उघडलंस तर पायरीवर उभा राहून सांगेन, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्याने.